चुलीचा पुरावा

जुन्या घरांच्या जीर्णोद्धाराला अलीकडे आपल्याकडे प्रतिष्ठा लाभली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे, असे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहिणार आहो ते वाचून आम्हांस कोणी या कार्याचे विरोधक समजण्याचा संभव आहे. दिंडीदरवाजा पुन्हा उभा राहतो, सागवानी खांबांवरचा तैलरंग खरवडला जातो, दिवाणखान्यातील झुंबर झाडून पुसून जागेवर येते, तुळशीवृंदावनाचा ढासळलेला कोपरा चुन्यात बांधून निघतो. मग यजमान मोठ्या उत्साहाने सारे घर दाखवीत मागील अंगास येतात आणि स्वयंपाकघराच्या दारात त्यांचे पाऊल किंचित थबकते. तेथे दोहोंपैकी एक वाक्य ऐकू येते. एक तर "इथे तसे पाहण्यासारखे काही नाही", किंवा "हे मात्र अगदी जुन्यासारखे करून घेतले आहे". आम्हांस या दोन्ही वाक्यांची सारखीच धास्ती वाटते.

पहिल्या वाक्यामागे ग्रॅनाइटचा ओटा असतो, भिंतीभर चकचकीत फरशी असते आणि घराचा पुढील भाग एका शतकात व मागील भाग कालपरवाच्या जाहिरातीत उभा असल्याचा भास होतो. यात प्रामाणिकपणा तरी असतो. येथे रोज स्वयंपाक होतो हे उघड असते. दुसऱ्या वाक्यामागील प्रकार अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. तेथे चूल असते, परंतु तिच्यात जाळ कधी पेटायचा नसतो. तिला गेरू लावलेला असतो, वर पांढऱ्या रंगाची बोटे उठविलेली असतात, आणि भोवती पितळी भांड्यांची उतरंड अशी झळकत असते की पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत. आम्ही एका पथिकाश्रम बनलेल्या वाड्यात असे एक पातेले हाती घेऊन पाहिले. बाहेरून पारदर्शक लेप दिलेला, म्हणजे पुन्हा घासण्याचे काम नको; आतून कल्हईचा पत्ता नाही. ज्या पितळेला कल्हई नाही तिच्यात ताक घटकाभर ठेवले तर ते कळकते, हे आमच्या आजीच्या पिढीतील दहा वर्षांच्या मुलीसही ठाऊक होते. ते भांडे आता भांडे राहिलेले नाही, भांड्याचे चित्र झाले आहे. चित्र काढण्यास आमची हरकत नाही. त्यास जीर्णोद्धार म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे.

भांडी वेगळी काढून ठेवण्याचे काम आपल्याकडे याहून पुष्कळ चांगल्या रीतीने झालेले आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, किसण्या, साचे यांच्यापुढे ज्याने एखादी दुपार घालविली असेल त्यास हे सांगावयास नको. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी अकाली निवर्तलेल्या मुलाच्या नावाने हा संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. इतिहास म्हणजे तलवारी व फर्माने अशी समजूत असलेल्या काळात या गृहस्थाने स्वयंपाकघरातील किसणी उचलून तिला कलावस्तूचा मान दिला. तथापि संग्रहालयाची एक अंगभूत मर्यादा असते. तेथे किसणी दिसते. ती पुढ्यात घेऊन बसणारी बाई कोठे बसे, तिच्या हातावर उजेड कोणत्या बाजूने येई, तिच्या पाठीशी दार होते की भिंत, हे दिसत नाही. ते फक्त उभ्या घरात दिसू शकते. म्हणून ज्याचे घर उभे आहे त्याने स्वतःच्याच घरात काचेचे कपाट करावे, यासारखी उधळपट्टी दुसरी नाही.

आम्ही हे लिहितो ते लोधीखेड्याहून. समुद्रकाठच्या वाचकांस हे गाव ठाऊक असण्याचे कारण नाही. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले म्हणजे सौंसर तहसिलीत ते लागते. आमच्या लहानपणी तेथे अरुंद रुळांची चिमुकली आगगाडी येत असे, आता त्या मार्गावर रुंद रूळ आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर, वर्धा आदी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारी सौंसर तहसील छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिली. २०२३ पासून आमचा जिल्हा पांढुर्णा. तेव्हा घरात सयपाकघर आणि कचेरीच्या कागदात रसोईघर, असा आमचा दुहेरी संसार आहे. गोमंतकीय मित्राच्या तोंडून रांदप हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा आमच्या खेड्यातील म्हाताऱ्या बायकांचे 'रांधणे' आम्हांस आठवले. मधल्या प्रमाण मराठीने तो शब्द जवळजवळ टाकून दिला आणि दोन्ही टोकांनी तो जपला, ही गंमत नोंदवून ठेवतो.

या गावाची आणखी एक गोष्ट प्रस्तुत विषयाशी लागू आहे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांत लोधीखेड्याचा उल्लेख येतो तो तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी व कापडासाठी. ज्या गावाचे नाव गुंड, गंज, कोपर, घंगाळ यांमुळे झाले, त्या गावात भांडी शोभेची वस्तू म्हणून पाहण्याची सवय आम्हांस लागली नाही. भांडे ठोकताना निघालेला आवाज, त्याचा बूड बसका की गोल, चुलीच्या तोंडावर ते डळमळते की काय, यावरून त्याचे मोल ठरे. कल्हईवाला येई तेव्हा नवसागराच्या धुराचा तो तीव्र दर्प आणि कापसाच्या बोळ्यासरशी काळ्या पितळेत उमटणारा कथिलाचा पांढरा उजेड, हा आमच्या बालपणातील पहिला चमत्कार होय.

आता वकील या नात्याने थोडे. स्वयंपाकघर ही घरातील अशी एकच खोली आहे की जिची दखल कायद्याने मनापासून घेतली आहे. हिंदू एकत्र कुटुंबाविषयीचे जे गृहीतक न्यायालये मानीत आली ते असे की कुटुंब अन्न, पूजा व मालमत्ता या तिहींत एकत्र असते. त्यात अन्न पहिले. वाटणीच्या दाव्यात साक्षीदारास हटकून विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "चूल केव्हा वेगळी झाली?" आणि त्याचे उत्तर मिळाले तरी काम भागत नाही, कारण केवळ वेगळी चूल मांडल्याने कायद्याने वाटणी झाली असे होत नाही, हेही तितकेच पक्के आहे. जनगणनेत कुटुंब कोणते, तर एकत्र राहून सामाईक स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. दिवाणखाना किती खणांचा आहे हे कोणी विचारीत नाही. आणि तरीही ज्या बाईने त्या चुलीपुढे पन्नास वर्षे काढली तिचा त्या घरावरील हक्क कायद्याने कसा पाहिला? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने स्त्रीला वारस केले, परंतु त्याच अधिनियमाच्या कलम २३ ने असे सांगितले की राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार तिला नाही. पुरुष वारस आपापले हिस्से पाडून घेण्याचे ठरवीतपर्यंत तिने थांबावे. ते कलम २००५ साली वगळण्यात आले. म्हणजे एकोणपन्नास वर्षे चूल हा कुटुंबाचा पुरावा होता, आणि चूल पेटविणारीला त्याच घरात वाटणी मागण्याची सोय नव्हती.

हे सांगण्याचे प्रयोजन एवढेच की स्वयंपाकघराकडे आम्ही पाहतो ते पुराव्याच्या दृष्टीने, आणि पुराव्याचा पहिला नियम असा की तो आपल्याविरुद्ध जात असला तरी नाहीसा करू नये. जीर्णोद्धार करणारी मंडळी स्वयंपाकघराशी अडखळतात याचे कारण सौंदर्यदृष्टीचा अभाव नव्हे. दिवाणखाना मालकाच्या बाजूने साक्ष देतो. स्वयंपाकघराची साक्ष बहुधा उलट जाते.

आमच्या घराचेच उदाहरण घेतो. घर मालगुजाराचे नव्हे, मालगुजाराच्या दिवाणजीचे. म्हणजे तोच थाट, फक्त लहान मापाचा. या मुलखातील मोठी स्वयंपाकघरे मालगुजारीवर चालत होती. घरच्या पंचवीस पानांबरोबर गडी, सालदार, कुळे, आलागेला कारकून यांच्या भाकरी त्याच चुलीवर भाजल्या जात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ पासून गावे सरकारजमा झाली, आणि दोन-तीन वर्षांत चार तोंडांची चूल दोन तोंडांवर आली. आमच्याकडे आजही भिंतीलगत त्या जुन्या चुलीचा जोता दिसतो. त्याची लांबी मोजली म्हणजे एका वर्गाचा उत्कर्ष किती हात लांब होता ते कळते. अशा घरास कायद्याचे संरक्षण नाही. केंद्राचा १९५८ चा किंवा मध्य प्रदेशचा १९६४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा देवळे, गढ्या व शिलालेख यांस आहे. दिवाणजीच्या घरच्या चुलीस जो काही आसरा मिळायचा तो घरच्याच माणसांच्या समजुतीचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चुलतबंधूंनी घर दुरुस्त करण्याचे मनावर घेतले. गवंडी आला, त्याने ओट्याची उंची पावणेतीन फूट धरून रेघ मारली आणि आमच्या ध्यानात प्रथमच एक गोष्ट आली. त्या खोलीतील एकमेव खिडकीचा उंबरा जमिनीपासून जेमतेम हातभर उंच आहे. आम्ही लहानपणापासून तिला "बसकी खिडकी" म्हणत आलो, जणू बांधणाऱ्याची चूकच. वस्तुतः ती पाटावर बसलेल्या बाईच्या हातांसाठी बांधलेली खिडकी होती. परातीतील पीठ, विळीचे पाते, तांदळातला खडा यांवर सकाळचा उजेड आडवा पडावा, हा त्या अनामिक गवंड्याचा हिशेब. नव्या रेघेप्रमाणे ओटा झाला असता तर तो सारा उजेड ओट्याखालच्या गॅसच्या टाकीस मिळाला असता आणि उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या आमच्या भावजयीच्या हातांवर तिचीच सावली पडली असती. चूल ठेवली की स्वयंपाकघर राखले अशी समजूत असणाऱ्यांनी याचा विचार करावा. जुने स्वयंपाकघर म्हणजे बसलेल्या शरीराच्या मापाने बेतलेली खोली. कोनाडे, खुंट्या, शिंके, रांजणाचा ओटा, सगळ्यांची उंची त्या एका मापावरून निघते. शरीर उभे राहिले की खोलीतील एकही वस्तू हाताशी राहत नाही. तेव्हा उभ्याने स्वयंपाक करायचा, आणि तो करायचाच, तर ओटा दुसऱ्या भिंतीस न्यावा, तेथे वर नवे गवाक्ष पाडावे आणि बसकी खिडकी बसकीच राहू द्यावी. निवडणे-टिपणे आजही पुष्कळ घरांतून बसूनच चालते.

धुराचा प्रश्न याहून नाजूक आहे. आमच्याकडील छपरे कवेलूंची. धुराडे असे वेगळे नसे, कवेलूंच्या फटींतून धूर वाट काढी. जाताना तो तुळयांना काळा लेप देऊन जाई. नवीन उत्साहाच्या भरात या तुळया खरवडून "मूळ लाकूड" उघडे करण्याची फॅशन आहे. आमच्या घरी एका कारागिराने एका सकाळीच अर्धी तुळई गोरी करून टाकली. त्याला दोष कशाला द्यावा, आम्हीच समोर चहा पीत बसलो होतो. धुराची ती काजळी म्हणजे मळ नव्हता. रोजच्या धुराने लाकूड कोरडे राही व कीड लागत नसे. चूल थंडावली की चार पावसाळ्यांत वाळवी तुळयांपर्यंत चढते. म्हणून गॅस आलेल्या घरात धूर जे काम करीत होता ते आता कोण करणार, हा प्रश्न दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत हवा. तो बहुधा नसतोच. त्याऐवजी मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असतो. मग भिंतीतील ओल बाहेर पडण्यास वाट राहत नाही, लोणा लागतो, आणि दोन वर्षांनी मंडळी म्हणतात की जुने बांधकामच कच्चे होते.

आम्ही धुराची ही बाजू मोठ्या आवेशाने मांडत असता थोरल्या काकू ओसरीवर बसून ऐकत होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. डोळ्यांवर दोन शस्त्रक्रिया झालेल्या. त्या म्हणाल्या, "तुमाले धुराचा रंग दिसते. मी त तो धूर गियला. चूल ठेवाची त ठेव, पण तिच्यापुढं कोनाले बसवू नको."

आमच्या साऱ्या मांडणीवर यापरते परखड भाष्य झाले नाही. आणि विचार करता असे दिसते की परंपरेचा पक्षही काकूंच्याच बाजूचा आहे. वर्ध्यास जाऊन पाहावे. सेवाग्रामच्या मातीच्या, बांबूच्या, कवेलूंच्या कुट्या आजही सारवून, लिंपून राखल्या जातात. बांधकामाच्या जीर्णोद्धाराचा याहून चांगला धडा आमच्या टापूत नाही, कारण तेथे राखणे म्हणजे एकदा करून मोकळे होणे नव्हे, दर वर्षी हात लावणे. पण त्याच वर्ध्यात, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाच्या आणि ग्रामोद्योग संघाच्या परिसरात, धूर बाहेर नेणारी "मगन चूल" घडविण्याची खटपट चालली होती. हैदराबादेस एस. पी. राजू यांनी १९५३ साली कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघरे या विषयावर पुस्तिकाच काढली. खादी विणणारे, माती लिंपणारे लोकच चुलीच्या धुराशी भांडत होते. आणि आज शहरातून आलेला पाहुणा चुलीच्या धुरकट चवीची वाखाणणी करतो, तेव्हा यजमान आत कोणास तरी फुंकणी घेऊन बसवितो. त्या कोणाचे तरी वय व मजुरी विचारण्याची आम्हांस वकिली खोड आहे. उत्तर फारसे समाधानकारक मिळत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावा लागला तिच्याकडे येतो. आमच्या स्वयंपाकघराचे मागील दार परसात उघडते. त्याची चौकट इतकी बुटकी की वाकल्याखेरीज बाहेर पडता येत नाही. दाराबाहेर, परसाच्या बाजूने, भिंतीत एक कोनाडा आहे. त्याला आतून वाट नाही. अंदाजपत्रकात त्याविषयी एवढेच लिहिले होते : "बाहेरील निरुपयोगी कोनाडा विटांनी बुजविणे." रक्कम किरकोळ. सर्वांनी मान डोलावली. तो कोनाडा निरुपयोगी नव्हता. त्यात सालदाराची थाळी आणि पेला असे. तो परसात येई, आपली थाळी आपण उतरवी, घरातील बाई दाराच्या आतून भाकरी व कालवण वरून वाढी, आणि जेवून झाल्यावर तो थाळी धुऊन पुन्हा तेथेच ठेवी. बत्तीस जणांचा स्वयंपाक ज्याने पिकविलेल्या जवारीवर चाले त्याची थाळी घराच्या भिंतीत होती आणि घरात नव्हती. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरविले. कोनाडा मात्र भिंतीतच होता, आणि आमच्या वडिलांच्या आठवणीप्रमाणे थाळीही त्यानंतर बरीच वर्षे होती.

चुलतबंधूंचे म्हणणे असे की लोकांना काय सांगायचे? उद्या घरात चार प्रतिष्ठित माणसे येतील, मुलेबाळे विचारतील. हा युक्तिवाद आम्ही हलका मानीत नाही. आपल्या आजोबांविषयी असे काही भिंतीवर उघडे ठेवणे कोणास सुखाचे वाटेल? पण मग दिंडीदरवाजा तरी कशाला राखावा? तोही आजोबांविषयीच काही सांगतो. पुण्यास फुलेवाड्यात गेले म्हणजे तेथील घरापेक्षा आमची नजर हौदाकडे जाते. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्या हौदाचा अर्थ कळण्यास दुसरीकडे कुठेतरी आमचा कोनाडा उघडा असला पाहिजे. सगळेच कोनाडे बुजविले तर पुढील पिढीस वाटेल की जोतीरावांनी उगाच पाण्यावरून एवढे काहूर केले.

परदेशातील एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे, कारण तेथेही घरमालक साधासुधा नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांचे व्हर्जिनियातील मॉन्टिसेलो हे घर. घुमट, ग्रंथालय, बाग, सारे काही नमुनेदार. सर्व माणसे समान जन्मतात असे लिहिणाऱ्या या पुरुषाच्या घरचा स्वयंपाक गुलाम करीत. जेम्स हेमिंग्ज यास त्यांनी फ्रान्सात नेऊन पाकविद्या शिकविली आणि १७९६ साली मुक्त केले, ते त्याने आपल्या धाकट्या भावास, पीटर यास, ती विद्या शिकविल्यानंतर. जाण्यापूर्वी जेम्सने स्वयंपाकघरातील भांड्यांची एक यादी स्वहस्ते लिहून ठेवली. ती आज उपलब्ध आहे. पुढे १८०९ च्या सुमारास नवे स्वयंपाकघर झाले, त्यात आठ तोंडांची विटांची शेगडी होती आणि तेथे ईडिथ फॉसेट ही स्त्री मुख्य स्वयंपाकीण होती. ती खोली आज पुन्हा उभी करून ठेवली आहे, आणि २०१७ साली जुन्या स्वयंपाकघराच्या जमिनीखाली पहिल्या शेगडीचे अवशेषही खणून काढले. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की पाहुण्यास तेथे शेगडीबरोबर माणसांची नावे सांगतात, आणि ती मालकाची नसतात. यास तेथील लोकांनी पुष्कळ वर्षे घेतली. घुमटाची डागडुजी आधी झाली, नावे मागाहून आली, पण आली.

जेम्स हेमिंग्जची ती यादी वाचताना आम्हांस आमच्या घरची याद आठवली. १९६०-७० च्या सुमारास तिघा भावांची वाटणी झाली तेव्हाची. पितळी गुंड चार, पैकी एक पोचे पडलेला. तांब्याचे घंगाळ एक. कांशाच्या थाळ्या अकरा. लोखंडी झारे दोन. पाटा एक, वरवंटा नाही. लिहिणारा पुरुष होता, सांगणाऱ्या तिघी जावा. यादीखाली सह्या तिघा भावांच्या. हेमिंग्जने गुलाम असताना जे केले, आपल्या हाताखालची वस्तू आपल्या अक्षरात उतरविणे, ते आमच्या काकूंना स्वतंत्र देशात जमले नाही. गोमंतकातील वाचकांस अशा याद्या परक्या नाहीत. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि वारसाहक्काच्या वेळी संपत्तीची तपशीलवार यादी करण्याची पद्धत तेथे मुरली. २०१२ च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्यातही ती आहे. शिवाय त्या संहितेने पत्नीस संपत्तीत अर्धी भागीदार मानले, आमच्या कलम २३ च्या पुष्कळ आधी. तरीही अनेक वारसांच्या नावांखाली कुलूपबंद पडलेली आणि मागील अंगाने, म्हणजे रांदपघराच्या बाजूनेच, प्रथम खचू लागलेली घरे गोव्यात पाहावयास मिळतात. उलट लोटलीचे आराउजो आल्वारिस यांचे १७५७ सालचे घर लोकांस पाहण्यास खुले आहे, आणि बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात जुन्या अवजारांना त्यांच्या बोलीतल्या नावांनिशी आसरा मिळाला आहे. भाण, आदोळी, रगडो, बुडकुलो ही नावे टिकली, हे थोडे नव्हे. आमच्याकडे गंज आणि कोपर हे शब्द मुलांना आता समजावून सांगावे लागतात. वस्तूंची नावे अशी सापडतात. राबणाऱ्यांची सापडत नाहीत. गोव्यातील मोठ्या घरांत मागच्या अंगणात नारळ खवणारी ती कोण, हे विचारले तर यजमानांस आजीच्या तोंडचे एखादे अर्धे नाव आठवते. ते अर्धे नावसुद्धा लिहून ठेवावे.

आमच्या घरी शेवटी काय झाले ते सांगतो. ओटा उत्तरेच्या भिंतीस गेला. त्यास गॅस, धूर ओढणारा पंखा, आणि भावजयीच्या हट्टाने ग्रॅनाइटच. आम्ही चुनखडीच्या दगडाचा आग्रह धरला होता, तिने विचारले की हळदीचे डाग आम्ही काढणार काय. आम्ही माघार घेतली. जुनी चूल जोत्यावर आहे, गेरू नाही, बोटे नाहीत. तिच्यावर धान्याचे डबे ठेवतात आणि ते आम्हांस ठीक वाटते. खरवडलेली अर्धी तुळई तशीच पांढुरकी आहे, उरलेल्या तुळयांना औषध लावले. सिमेंटचा गिलावा काढून मातीचा केला, त्यात गवंड्याशी आठ दिवस वाद झाला, कारण माती मळणारा माणूस मिळेना. वाटणीच्या यादीची प्रत आम्ही काकूंकडून नीट वाचून घेतली. त्यांनी तीन चुका दाखविल्या. वरवंटा होता, तो धाकट्या जावेने आधीच उचलला होता, असे त्यांचे म्हणणे.

कोनाड्याचा निकाल लागलेला नाही. चुलतबंधूंनी तो बुजविला नाही, एवढे त्यांचे सौजन्य. सालदाराचे नाव आम्ही शोधले; काकूंना ते पूर्ण आठवले, बापाच्या नावासकट, आणि त्याचा नातू नागपुरास असल्याचेही त्यांनी सांगितले. त्यास विचारल्यावाचून ते नाव येथे छापणे योग्य होणार नाही. पत्र धाडले आहे. दरम्यान मागील दाराची चौकट उचलून घ्यावी की नाही, हे सुतार पुन्हापुन्हा विचारतो आहे. परवाच त्याने तिच्यावर डोके आपटून घेतले.